फाटकाची दांडी कोणी धरली

९ जानेवारी

नागरी समितीचे चौघे जण आज घरी येऊन गेले. पायपुसणं दाराशी असताना चिखल सरळ बैठकीच्या खोलीत आणला, बिस्किटांचा डबा रिकामा केला आणि मग मुद्द्यावर आले. आमच्या गावालगत आजवर जे रेल्वे अपघात झाले, त्यांचा इतिहास मी लिहून द्यावा म्हणे.

"बाई, तुमच्यासारखी भाषा गावात कोणाची आहे? कॉन्व्हेंटची शिस्त आणि वर आपली मराठी!" अध्यक्ष म्हणाले. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर असताना याच गृहस्थांनी माझ्या उद्धटपणाबद्दल तीन वेळा तक्रार केली होती. निवृत्त झाल्यावर माणसाची भाषा सुधारते, असं दिसतं.

कारण उघड आहे. मागच्या महिन्यात फाटकावर पाववाला गाडीखाली सापडला. सायकल, पावाची पेटी, सगळं गेलं. फाटक उघडंच होतं, असं गावाचं म्हणणं. फाटकवाला निलंबित झाला आहे, फेब्रुवारीत चौकशी बसायची आहे. त्याच्यावर ठपका आला की नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर फाटकाजवळचं क्वार्टरही. समितीला त्याचं सोयरसुतक नाही. समितीला उड्डाणपूल हवा आहे. इथले फाटकवाले पहिल्यापासून निष्काळजी होते असं इतिहासात छापून आलं की पूल मिळेल. अध्यक्षांचं सिमेंटचं दुकान आहे, हा निव्वळ योगायोग.

मी हो म्हटलं. समितीसाठी नव्हे. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी ते काम औषधांच्या दुकानदाराला दिलं असतं, आणि त्या माणसाला पावतीसुद्धा धड लिहिता येत नाही.

धाकटीने, म्हणजे माझ्या बहिणीने, चहा आणताना ट्रे असा काही हिंदकळवला की निम्मा चहा बशीत. पाहुणे आले की ही बावरते. पन्नाशी उलटली तरी आहे तशीच आहे.

ही वही वेगळी ठेवते आहे. जे इतिहासात घालता येणार नाही त्याला कुठेतरी जागा हवी.

१३ जानेवारी

वाचनालय. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे मागितले तर ग्रंथपाल माझ्याकडे असं बघायला लागला, जणू मी त्याची किडनी मागितली. गठ्ठे मिळाले. अर्ध्या पानांना भोकं आहेत, कारण कोणे एके काळी शब्दकोडी कापून नेण्याची इथे साथ आली होती.

पहिला अपघात: घोडागाडी. हा गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे. नवरी सासरी निघाली होती, फाटक उघडं, गाडी आली, नवरी जागच्या जागी गेली. अजूनही संध्याकाळी तिकडून बांगड्यांचा आवाज येतो म्हणतात. वर्तमानपत्रात काय आहे? घोडागाडीत गाद्या होत्या. गादीवाल्याचा पाय मोडला. घोडा आपापला घरी पोचला. नवरीचा कुठे पत्ता नाही.

इतकी वर्षं गावाने रडून घेतलं ते गाद्यांसाठी.

आम्हाला शाळेत निबंध शिकवणाऱ्या मदर विशेषणांवर लाल पेन्सिल मारायच्या. "जे पाहिलं ते लिही, जे वाटलं ते देवाला सांग," म्हणायच्या. त्या या गावात असत्या तर पेन्सिली पुरल्या नसत्या.

१६ जानेवारी

धाकटीचा खांदा धरला आहे. उजवा. मी मलम चोळलं तर केवढ्याने कळवळली. मोठा, पिवळट-हिरवा डाग आहे, म्हणजे बरेच दिवसांचा. "कधी लागलं?" तर म्हणे पडदे काढताना दांडका निसटला. मी बैठकीच्या खोलीत जाऊन पडदे बघितले. पडदे जिथल्या तिथे, मळकेच. अर्धवट कामं करायची आणि वर हातपाय मोडून घ्यायचे.

तरी सकाळी उठून पाववालीकडे जातेच. नवरा गेल्यावर बाईने भट्टी बंद ठेवली नाही, हे तिचं कौतुक. पण आमच्या धाकटीला या वयात पीठ मळायला शिकण्याची हौस का यावी? आम्हा दोघींना मिळून एक पाव आठवडाभर पुरतो.

"खांदा दुखतोय ना? मग घरी बैस की," मी म्हटलं.

"बसलं की जास्त दुखतो, ताई."

असली उत्तरं ऐकली की माझंच डोकं दुखायला लागतं.

१९ जानेवारी

दुसरा अपघात: मिठाची मालगाडी. गावाच्या मते स्टेशनमास्तरच्या बायकोचा शाप. प्रत्यक्षात रूळ उखडलेला होता, सात डबे उलटले, कोणाला ओरखडाही नाही. रेल्वेचा हा अपराध मी शंभर टक्के रेल्वेच्या पदरात घालणार आहे. पण त्यानंतर गावाने किती वर्षं मीठ विकत घेतलं नाही, तेही लिहिणार आहे.

तिसरा: धुक्यातला. उभ्या पॅसेंजरला मागून मालगाडीने धडक दिली. अकरा माणसं गेली. हा मात्र खरा, भयंकर. त्याबद्दल माहिती गोळा करायला म्हणून चार घरं फिरले. प्रत्येक घरात एक काका, मामा किंवा आजोबा निघाले जे त्याच गाडीने जाणार होते आणि ऐन वेळी त्यांची गाडी चुकली. एकाचे बूट सापडले नाहीत, एकाला शिंका आली, एकाचं बायकोशी भांडण झालं. गाडी चुकलेल्यांची संख्या बघता ती स्टेशनातून रिकामीच सुटली असावी. जी अकरा माणसं खरोखर गेली त्यांच्यापैकी एकाचंही नाव कोणाला सांगता आलं नाही. ती बाहेरगावची होती ना.

२३ जानेवारी

चौथ्याने माझी झोप उडवली.

मी नोकरीला लागले त्याच्या दोन वर्षं आधी. शाळेचा शिपाई हातगाडीवरून बाकं नेत होता. फाटकात गाडी आली. फाटकवाला म्हणाला, मी फाटक लावलं होतं. चार प्रतिष्ठित नागरिक म्हणाले, उघडं होतं. बंद असतं तर बाकांनी लादलेली हातगाडी आत गेलीच कशी? युक्तिवाद बिनतोड. फाटकवाल्याला बडतर्फ केलं. तो बायकोपोरांना घेऊन गाव सोडून गेला. कुठे गेला? कोणाला ठाऊक नाही.

आणि आता पाववाल्याची सायकल. मागे कॅरिअरवर माणसाच्या छातीएवढी पेटी. बंद असतं तर आत गेलीच कशी? तोच प्रश्न, त्याच सुरात. गाव नवीन वाक्यसुद्धा बनवत नाही.

२४ जानेवारी

फाटकवाल्याच्या क्वार्टरवर गेले. माणूस पायरीवर बसून खुर्चीची वेताची बैठक विणत होता. निलंबित झाल्यापासून त्याने स्वतःच्या सगळ्या खुर्च्या दुरुस्त केल्या, आता शेजाऱ्यांच्या करतो. मला उठून बसायला दिली ती खुर्ची मात्र करकरत होती.

"फाटक लावलं होतं का?" मी सरळ विचारलं.

"लावलं होतं, बाई."

"मग पेटीवाली सायकल आत कशी गेली?"

तो हसला. छान हसला असं नाही. "ते गावाला विचारा. मालगाडी गेली. तिच्या पाठोपाठ उलट दिशेने पॅसेंजर यायची होती, म्हणून मी उघडलं नाही. झेंडी घेऊन पलीकडच्या बाजूला उभा होतो, गाडीकडे तोंड करून. नियमच आहे तो. माझ्या पाठीला डोळे नाहीत."

"हे रेल्वेच्या साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, कोणी पाहिलं? मी म्हटलं, सगळ्यांनी पाहिलं. ते म्हणाले, मग एक तरी आणा."

घरातून त्याची बायको म्हणाली, "त्यांना कशाला सांगताय? त्या समितीच्याच आहेत."

मी समितीची नाही, हे मी तिला जरा मोठ्याने सांगितलं. मग वाटलं, इतक्या मोठ्याने सांगायची गरज नव्हती.

२५ जानेवारी

फाटकाशी जाऊन उभी राहिले. रोज पाहिलेलं आज प्रथमच बघितलं.

फाटक बंद. आडवी दांडी जुनी, खिळखिळी. कुलूप लागलेलं असलं तरी खांद्याने रेटली की छातीपर्यंत वर जाते. बदलीवर आलेला फाटकवाला पलीकडे झेंडी घेऊन उभा. इकडे लोक रांगेने दांडीखालून चालले आहेत. आणि कसे? पहिला वाकून आत शिरतो, वळतो, दांडी खांद्यावर घेतो, दुसऱ्यासाठी धरतो. दुसरा आत आला की तो धरतो तिसऱ्यासाठी. सायकल असेल तर जरा जास्त उचलायची. हातगाडी असेल तर दोघांनी. मागे कोणी नसेल तर अलगद खाली ठेवायची, आवाज न करता. आभार नाहीत, मागे वळून बघणं नाही. आमच्या गावाला याचा केवढा अभिमान! परगावी जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो, "तिकडे लोक दांडी सरळ मागच्याच्या अंगावर सोडून देतात हो. आपल्याकडे असं नाही."

नाही. आपल्याकडे माणसाला अदबीने गाडीखाली पोचवतात.

एका तरुणीने दांडी वर उचलून मला म्हटलं, "या ना काकू." चेहऱ्यावर काय तो गोडवा!

"मी उघडल्यावर येईन," मी म्हटलं.

ती दुखावली. खरंच दुखावली. मी जणू तिच्या हातचं पाणी नाकारलं.

२८ जानेवारी

चौथा आणि पाचवा अपघात लिहून झाला. फाटक बंद होतं, शिपायासाठी दोघांनी दांडी धरली, पाववाल्यासाठी एकाने. मजकूर मनासारखा उतरला आहे. एक परिच्छेद तर इतका झणझणीत झाला की जेवताना धाकटीला वाचून दाखवल्याशिवाय राहवेना:

"पाववाल्याला ज्या सभ्य गाढवाने दांडी उचलून दिली, तो अपघातानंतर तितक्याच सभ्यपणे घरी गेला, हात धुऊन जेवला असेल आणि फाटक उघडं होतं म्हणून हळहळलाही असेल. एक निरपराध माणूस त्याच्यामुळे घराबाहेर पडायच्या बेतात आहे. या गाढवाला रात्री झोप लागते का, एवढंच इतिहासाला विचारायचं आहे."

धाकटी ताटाकडे बघत होती. "गाढव शब्द ठेवणार आहेस?"

"का? कमी पडतोय?"

"नाही. पुरेल." मग भाजी बाजूला सारत, "पण तो पुरुषच होता, हे तू कशावरून ठरवलंस?"

"अगं, पेटीसकट सायकल जाईल इतकी दांडी उचलायची म्हणजे ताकद नको?"

"ताकद नाही लागत. खांदा लावायचा आणि गुडघे सरळ करायचे."

हिला प्रत्येक बाबतीत मत आहे. आयुष्यात कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, पण टीका करायला सगळ्यात पुढे. भाजीही अर्धी टाकून उठली. चवीला बरी होती की.

२ फेब्रुवारी

समितीपुढे वाचन. वाचनालयाची वरची खोली, सगळ्या खिडक्या बंद करून बसलेले, कोणाच्या तरी लसणीच्या श्वासाचा दरवळ. धाकटी मागच्या बाकावर होती. येऊ नको म्हटलं होतं, तरी आली.

गाद्यांपर्यंत हसले. मिठापर्यंत खाकरले. मी दांडीवर आले आणि अध्यक्षांनी हात वर केला.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "हा इतिहास आहे की गावाची बदनामी?"

"दोन्ही एकच निघालं, त्याला मी काय करू?"

"लोकांची सवय असेल. पण त्या दिवशी कोणीतरी दांडी धरली, याला आधार काय? तुम्ही होतात तिथे?"

"सायकलला पंख नव्हते, हा आधार."

औषधवाला म्हणाला, "नाव सांगा. नाव सांगा, म्हणजे आम्हीच हे छापतो." आणि सगळे निवांत झाले, कारण नाव मिळणार नाही याची सगळ्यांना खात्री. कोणी कोणासाठी दांडी धरली, हे आमच्या गावात कोणी कधीच सांगत नाही. चांगुलपणा बोलून दाखवायचा नसतो ना!

उठता उठता मी सर्वांसमोर सांगितलं की चौकशीच्या आत मी त्या माणसाला शोधून काढीन आणि कान धरून उभा करीन. परतताना धाकटीला म्हटलं, "बघच तू, सापडतो की नाही."

"सापडेल," ती म्हणाली.

एवढी तरी माझ्या बाजूची.

५ फेब्रुवारी

कोणी सापडत नाही. त्या सकाळी अख्खं गाव आजारी होतं. ताप, जुलाब, पाठीत उसण. एवढी साथ आली होती आणि औषधवाल्याला ठाऊक नाही.

न्हाव्याने मात्र हजामत थांबवून सांगितलं, "बाई, मी होतो. मालगाडी बघत होतो. बाकी काही पाहिलं नाही." मालगाडीत बघण्यासारखं काय असतं? "डबे," म्हणाला.

८ फेब्रुवारी

फाटकवाल्याची बायको भांडी खोक्यात भरते आहे. धाकटी तिला मदत करायला गेली आणि भांडी परत मांडणीवर लावून आली. त्या बाईने तिला हाकलून दिलं म्हणे. बरोबर केलं. दुसऱ्याच्या घरात ही काय ढवळाढवळ?

उद्या चौकशी.

९ फेब्रुवारी

क्रमाने लिहिणार.

चौकशी स्टेशनाच्या प्रतीक्षागृहात. चौकशी अधिकारी सर्दीने बेजार, समोर रुमालांचा ढीग. बाकांवर समिती, मागे गाव. कोपऱ्यात पाववाली, बाह्यांना पीठ लागलेलं. फाटकवाला गणवेशात आला होता. निलंबित माणसाने तो घालायचा नसतो. कोणीतरी तसं पुटपुटलं, पण त्याने ऐकलं नाही.

अध्यक्ष बोलले: फाटक उघडं होतं. औषधवाला बोलला: उघडंच होतं. तिसऱ्यानेही तेच वाक्य म्हटलं. अधिकाऱ्याने विचारलं, "आणखी कोणाला काही सांगायचं आहे?" मी माझे कागद घेऊन उठणार, तेवढ्यात माझ्या शेजारून धाकटी उठली. तिने ठेवणीतला कोट घातला होता. मला वाटलं, हिला बाहेर जायचं असेल. मी पाय आत घेतले तिला वाट द्यायला.

"फाटक बंद होतं," ती म्हणाली. "पाववाल्यांसाठी दांडी मी धरली होती."

मी खाली ओढायला तिचा कोट धरला. मला वाटलं, फाटकवाल्याच्या कळवळ्याने खोटं बोलते आहे. म्हटलं, "बैस खाली, मूर्ख." तिने माझी बोटं एकेक करून सोडवली.

"मी बाजारात निघाले होते. मालगाडी गेली होती. माझ्यासाठी पुढच्यांनी दांडी धरली, मी आत आले, वळले आणि यांच्यासाठी धरली. सायकल होती म्हणून खांद्यावर घेतली. ते म्हणाले, 'पेटी लागेल, जरा वर.' मी वर केली. माझी पाठ रुळाकडे होती. ते माझ्या शेजारून पुढे गेले. मग आवाज आला. दांडी माझ्या खांद्यावर पडली. मी त्याच दांडीखालून मागे फिरले आणि घरी गेले."

अधिकाऱ्याने नाक पुसलं. "तुमच्यासाठी कोणी धरली होती?"

"ते मी सांगणार नाही. त्यांनी सांगायचं ते."

मागच्या बाकांवर बरेच लोक आपापल्या पायांकडे बघायला लागले. तिच्यासाठी दांडी धरणारा एकच असणार, पण पायांकडे जरा जास्तच जण बघत होते.

मग अध्यक्ष उठले, आणि हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. "साहेब, या बाईंच्या थोरल्या बहिणीने आमच्या देखत प्रतिज्ञा केली होती की चौकशीच्या आत माणूस उभा करीन. दुसरा कोणी मिळाला नाही, म्हणून घरातलाच उभा केला. लिखाण खरं करायचंय त्यांना. अख्ख्या गावाला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे."

आणि गाव हसलं. मनापासून, सुटल्यासारखं. अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कागदांकडे. त्याला ते पटलं होतं, मला दिसलं. मी ते कागद पालथे केले. मी बोलले असते तरी ते आणखी हसले असते. मला तिचा डाग आठवत होता, कडेला हिरवा, आणि ते न काढलेले पडदे.

फाटकवाल्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"खरं बोलतायत त्या," पाववाली म्हणाली. उठली नाही, बसूनच. "मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात येऊन सांगितलं. तेव्हा इतिहासबितिहास काही नव्हता."

अधिकारी सावरून बसला. "तुम्ही आजवर का बोलला नाहीत?"

"फाटक उघडं होतं म्हटलं की मला भरपाई मिळणार होती. आता नाही मिळणार. म्हणून नाही बोलले." तिने बाहीवरचं पीठ झटकलं. "मी गप्प राहिले तर त्याही गप्प राहतील असं वाटलं होतं. रोज येत होत्या, एक अक्षर बोलत नव्हत्या."

"तुम्ही यांना क्षमा केली म्हणायची," अधिकारी म्हणाला. सर्दी झालेली माणसंही भावुक होतात.

"माफबिफ काही केलेलं नाही. पीठ मळायला लावते मी त्यांना. दुखऱ्या हाताने. तो आता असता तर त्यानेच मळलं असतं ना?"

त्यानंतर कोणी हसलं नाही. अधिकाऱ्याने धाकटीला सही करायला बोलावलं. तिने उजव्या हाताने केली, सावकाश, पूर्ण नाव.

१० फेब्रुवारी

आज सकाळी ती भट्टीवरून आल्यावर मी विचारलं, "तू पाववालीला सांगितलंस. मला का नाही?"

ती कोट काढत होती. "आले होते ना सांगायला. त्या दिवशी जेवताना."

"मग?"

"तू वाचून दाखवत होतीस."

मला राग आला. अजून आहे. हिने दोन महिने मला मूर्ख बनवलं, गावासमोर माझं हसं केलं, आणि वर मीच कशी कारणीभूत! मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "हो ताई," आणि कांदे चिरायला बसली.

१४ फेब्रुवारी

फाटकवाला कामावर रुजू झाला. बायको भांडी बाहेर काढते आहे. धाकटीने मदत करू का विचारलं, तर नको म्हणाली, पण दार उघडं ठेवलं.

रेल्वेने दांडी बदलली. नवी जाड आहे, तसूभरही हलत नाही. गाव खवळलं आहे. "माणुसकीच राहिली नाही," असं अध्यक्ष दुकानात बसून म्हणाल्याचं कानावर आलं. धाकटीशी वाण्याच्या दुकानात दोघी बोलल्या नाहीत. तिने दांडी धरली म्हणून नव्हे. तिने सांगितलं म्हणून.

समितीने इतिहास नाकारला. चांगलं झालं, मी स्वतःच्या खर्चाने छापणार आहे.

२० फेब्रुवारी

शेवटचं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. तो परिच्छेद खोडला. धाकटीने टोपलीतून कागद उचलला, उलगडला आणि माझ्यासमोर ठेवला.

"हे का काढलंस?"

"मला ठाऊक नव्हतं तेव्हा."

"आता ठाऊक झालं म्हणून गाढव माणूस झालं का? शिपायासाठी ज्यांनी धरली, त्यांना ठेवतेस आणि मला काढतेस?"

"तू माझी बहीण आहेस."

"म्हणूनच म्हणते, ठेव." मग म्हणाली, "फक्त एक चूक आहे. मी जेवले नव्हते."

मी परिच्छेद ठेवला. 'हात धुऊन जेवला असेल' एवढं काढलं. त्या जागी दुसरं काही सुचत नाही. एका ओळीसाठी अख्खी दुपार गेली. मदर असत्या तर म्हणाल्या असत्या, जे पाहिलं ते लिही. पण मी काय पाहिलं? दोन महिने एका घरात, एका टेबलावर, आणि मी पडदे पाहिले.

२१ फेब्रुवारी

आज दुपारी मी कागद बाजूला सारले आणि धाकटीला म्हटलं, "त्या दिवशी घरी आल्यावर काय झालं? सगळं सांग."

"लिहायचं नाही, या अटीवर."

मी पेनाला टोपण लावलं.

तिने सांगितलं. संध्याकाळपर्यंत. मी मध्ये बोलले नाही, दोनदा सोडून.